जोडाला लावलेला कान

…पिवळा म्हणावा तर पिवळा नाही, नारिंगी म्हणावा तर तेवढा पिकलेला नाही — करंगळीच्या नखाएवढा तो दिवा वेगाच्या काट्याखाली पुन्हा लागलेला होता, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून आपण त्याच्याकडे किती वेळ बघत बसलो आहोत, हे कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. इंजिनाचं चित्र आहे म्हणे ते. कुठल्या बाजूनं इंजिन? चौतीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली उताणं पडून काढली, असं ध्यान एकदाही दिसलं नव्हतं. तोटी बसवलेली पेटी म्हणा, नाहीतर मान आखडून बसलेलं बदक म्हणा. बायको बदकच म्हणायची. आधीची बायको असती — म्हणजे बायको तीच, पण आधी होती तशी असती — तर परवा म्हणाली असती, 'अहो, आलं बघा तुमचं बदक परत, दाणे टाका त्याला.' परवा ती नुसती समोर येऊन उभी राहिली, किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली, "दिवा लागलाय" एवढं म्हणाली आणि वळली. हल्ली एवढंच असतं. कामापुरतं, समोर येऊन, तोंडाकडे बघून, खिडकीवरच्या कारकुनाशी बोलावं तसं.

गाडी तिची. छोटी, पांढरी, मागच्या दाराला एक पोचा आलेली. इंजिनापासून निघून पोटाखालून मागे जाणारा धुराचा पाइप मधोमध कुजला होता, सायलेन्सरची तर चाळण झाली होती. ते सगळं त्यानं गेल्या आठवड्यात नवं केलं. नवा सायलेन्सर, नवा मधला पाइप. आणि इंजिनाजवळचा पुढचा जोड त्यानं स्वतः वेल्ड केला, असा की बोट फिरवलं तर कुठं सुरू झाला आणि कुठं संपला हे कळू नये. बायकोची गाडी म्हणून जरा जास्तच. आणि दुसऱ्या दिवशी दिवा. त्यानं तो शेजारच्याच्या मशीनवरून पुसून घेतला, दोन दिवसांनी परत. मग त्यानं पाइपमधला सेन्सर बदलला, परत. आज सकाळी दुकान उघडल्यावर एक फेरी मारून आणली, कोपऱ्यावर वळेपर्यंत दिवा नव्हता, आणि वळल्यावर होता.

उद्या सकाळी ती या गाडीतून जाणार होती. तीन तासांवर तिच्या बहिणीची रोपवाटिका आहे, तिथं वर्षभर राहून रोपांचं बघणार. वर्षभर! आणि हे नवऱ्याला कळलं कुणाकडून, तर मेव्हणीकडून. "भावोजी, तिची गाडी नीट करून द्या हं, इथं वर्षभर लागणार आहे," — मेव्हणीचा आवाज फोनमधून असा यायचा की फोनची गरजच काय असं वाटावं — "तुम्हाला माहीत आहेच की!" तो म्हणाला होता, हो, माहीत आहे तर. दुसरं काय म्हणणार? माझ्या घरातली गोष्ट मला बाहेरून कळते, हे मेव्हणीला सांगू? त्या दिवसापासून त्यानं तिला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. खोलीच्या कोपऱ्यात दोन बॅगा उभ्या राहिल्या, एक भरलेली, एक अर्धी, आणि त्या दोघींना वळसा घालून तो रोज अंघोळीला जात होता.

दिवा विझला तर ती जाणार. नाही विझला तर… असल्या लागलेल्या दिव्यानं ती तीन तासांचा रस्ता धरणार नाही, ती भित्री आहे त्या बाबतीत. म्हणजे बदकाला दोन दिवस बसू दिलं तर? पण हात त्याचे होते, जोड त्याचा होता. बायको जाते म्हणून स्वतःच्या कामाला नासकं म्हणवून घ्यायचं, एवढं काही त्याचं डोकं फिरलं नव्हतं. किंवा फिरलंही असेल. आज सकाळपासून दोन्ही गोष्टी त्याला सारख्याच खऱ्या वाटत होत्या.

"लागला ना?"

शेजारच्या गाळ्यातला वायरमन. गाड्यांच्या वायरी आणि त्यांचे संगणक बघणारा, वयानं दहा वर्षं लहान आणि आवाजानं ढोल. बोलायला लागला की गाळ्याचं पत्र्याचं दार थरथरायचं. त्यानं खिडकीतून हात घालून आपलं मशीन स्टिअरिंगखालच्या खोबणीत अडकवलं आणि पडद्यावर डोळे बारीक केले.

"तेच म्हणतंय, दादा. मिश्रण पातळ. धुरात हवा जास्त."

"सेन्सर नवीन आहे."

"मग जुना बिचारा फुकट फासावर गेला. नाचता येईना अंगण वाकडं!" वायरमन हसला. "अहो, सेन्सरचं काम काय? धूर हुंगायचा, त्यात हवा किती उरलीय ते सांगायचं. त्याला जास्त हवा लागली, त्यानं तसं सांगितलं. वरच्या साहेबाला, म्हणजे गाडीच्या संगणकाला, वाटलं पेट्रोल कमी पडतंय, तो ओततोय आपला पेट्रोल. ओतून ओतून थकला आणि दिवा लावला. खोटं कुणीच बोलत नाहीये. सेन्सरच्या अलीकडे जोड गळतोय कुठंतरी, आणि तिथून बाहेरची हवा आत जातेय."

"गळत नाही. मी ऐकलंय."

"कधी?"

"तिन्ही वेळा."

"साबणाचं पाणी मारून बघितलंत?"

"साबण अंघोळीला असतो."

वायरमन पुन्हा हसला, पण या वेळी हसू लवकर आवरतं घेतलं. गाडीच्या टपावर कोपर टेकून खाली वाकला, आणि ढोल जरा हळू वाजवत म्हणाला, "दादा, रागावू नका. एकदा कान तपासून घ्या. आपलं काम म्हणजे दिवसभर ठोकाठोकी. माझे सासरे —"

"तुझे सासरे सुतार आहेत."

"करवतीला काय आवाज नसतो होय?"

त्यानं हातानंच त्याला वाटेला लावलं. कानामागून आलं आणि तिखट झालं, असं हे मशीन. पाच वर्षांपूर्वी या गल्लीत एकाकडेही नव्हतं. आणि कान तपासा म्हणे! वायरमनचं अक्षर न् अक्षर त्याला ऐकू आलं होतं. बहिऱ्याला ऐकू येतं का असं?

त्यानं इंजिन चालू ठेवलं, गाडीचं तोंड जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवलं, भिंतीवरच्या खिळ्याची रबरी नळी घेतली आणि खाली सरकला.

ही नळी म्हणजे उस्तादांची पद्धत. बोटाएवढ्या जाडीची, हातभर लांब. एक टोक कानात, दुसरं टोक जोडाभोवती अगदी हळू फिरवायचं, आणि डोळे मिटायचे. डोळे मिटल्याशिवाय कान उघडत नाही, उस्ताद म्हणायचे. सुईच्या अग्राएवढी गळती असली तरी नळीतून ती सांगते — बारीक, तिखट, दातांच्या फटीतून कुणी श्वास सोडावा तसं काहीतरी. साबणाच्या पाण्याचा ब्रश उस्तादांच्या दुकानातही होता, पण तो ज्याला कान नाही त्याच्यासाठी. ज्यानं तो उचलला त्याच्याकडे बाकीचे कारागीर असे बघायचे की पुढचे चार दिवस त्याला पाणी गोड लागू नये. उस्तादांकडे सात वर्षं आणि स्वतःच्या दुकानात सत्तावीस, पण त्या ब्रशाला त्याचा हात लागला नव्हता. दुसऱ्या गल्लीतून माणसं गाड्या घेऊन यायची ती या कानासाठी. त्याच्या हातात जे काही होतं ते शिकून येण्यासारखं होतं. कान मात्र देवानं दिलेला, असं तो मानायचा आणि कधी कधी बोलूनही दाखवायचा.

नळीचं टोक जोडाशी नेलं. डोळे मिटले.

काही नाही… म्हणजे इंजिन होतं, खालच्या पट्टीतलं, जाड, छातीच्या फासळ्यांना लागणारं. पण जोडाशी काही नाही. मऊ. पिंजलेल्या कापसाच्या पोत्यात डोकं घालावं तसं. हा मऊपणा त्याला अलीकडे आवडायला लागला होता. पूर्वी पत्रा घासताना आवाज दातांत शिरायचा, आता शिरत नाही. यंत्रं सुधारली असतील. गल्लीतल्या चिमण्या गेल्या, तारा वाढल्या म्हणून असेल. जगाचे कोपरे कुणीतरी कानस मारून गोल केले होते. आणि जोड! किती महिन्यांत एकही जोड गळताना ऐकला नव्हता त्यानं. हात असा बसला की शेवटी गळतच नाही — आपल्याच हातावर खूश होऊन तो असं म्हणायचा, मनातल्या मनात. त्या मऊपणात पडून राहिलं की इंजिन हळूहळू लांब जायचं आणि दुसरंच काहीतरी जवळ यायचं…

…ती पहिल्यांदा उस्तादांच्या दुकानात आली तेव्हा तिच्या वडिलांची गाडी घेऊन आली होती, आणि तो असाच खाली होता, आणि त्याला फक्त तिची पावलं दिसत होती, मातीनं भरलेल्या चपला. ती बोलत होती. इंजिन चालू होतं, शेजारी कुणीतरी हातोडा मारत होतं, आणि ती आपली बोलतेय — गाडीबद्दल, वडिलांबद्दल, वाटेत बघितलेल्या एका झाडाबद्दल. आवाज चढवत नव्हती. आवाज तिला चढवताच यायचा नाही. पातळ, बारीक, खाली मान घालून बोलल्यासारखा. सगळ्या खणखणाटाच्या खालून तो नीट वाट काढत त्याच्यापर्यंत आला होता. मी तेव्हा मुद्दाम बाहेर यायला उशीर केला. काम झालं होतं, तरी पाना फिरवत राहिलो. पुढं तीस वर्षं घरात ते बोलणं होतं, नळाखाली भांडी विसळताना, कुंड्यांशी, त्याच्याशी, स्वतःशी. कुंड्यांना आणि त्याला एकाच सुरात रागवायची. तो म्हणायचा, बाई गं, एखाद्या दिवशी संपेल हं तुझा साठा.

आणि संपला. नऊ महिन्यांपूर्वी. त्यानं दिवससुद्धा शोधून ठेवला होता. घराच्या मागच्या भिंतीवर तिची एक वेल होती, सात-आठ वर्षांची, आणि घासायचं यंत्र ठेवायला त्याला तिथं पत्र्याची शेड टाकायची होती. त्यानं वेल तोडली. विचारलं होतं त्यानं, अगदी विचारलं होतं, आणि ती काही बोलली नाही म्हणजे हो, असं धरलं. मग घर हळूहळू गप्प झालं. एका दिवसात नाही. रोज थोडं थोडं, आधी स्वयंपाकघर गप्प झालं, मग खिडकी, मग अंथरुणातली तिची बाजू. एका वेलीवरून माणूस इतकं धरून ठेवतं? सुतावरून स्वर्ग गाठतोय आपण, असंही वाटायचं. पण मग दुसरं कारण तरी काय? त्यानं नवीन रोप आणून खिडकीत ठेवलं, तिच्याकडे न बघता, पेपर वाचत असल्यासारखं. ती रोपापाशी बराच वेळ त्याच्याकडे पाठ करून उभी होती. एक शब्द बोलली नाही. त्या संध्याकाळी त्याला जे वाटलं त्याला राग म्हणतात की रडू, हे त्याला अजून ठरवता आलेलं नव्हतं. मग तोही गप्प राहिला. तुला नाही ना बोलायचं? मलाही येतं…

पायाला कुणीतरी हात लावला. तो दचकून बाहेर सरकला. ती होती, समोर वाकलेली, हातात प्रवासाच्या सामानाची चिठ्ठी.

"कधीची हाक मारतेय," ती म्हणाली. "झाली का?"

"होईल."

"काय झालंय ते तरी कळलं का?"

"सेन्सर असेल. नाहीतर वायर."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांखाली झोप न झाल्याचं काळं होतं, आणि ते त्याला इतक्या जवळून बऱ्याच दिवसांनी दिसलं. मग ती उभी राहिली, आणि अगदी सावकाश, एकेक शब्द निवडून ठेवल्यासारखी म्हणाली, "तुम्हाला जमत नसेल तर दुसरीकडे दाखवते."

दुसरीकडे! त्यानं इंजिन बंद केलं. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि चिठ्ठीवर काहीतरी खोडू लागली. तो दुसऱ्या एका गाडीचं नटबोल्ट खोलत राहिला, गरज नसताना, एक तास, दीड तास. आणि त्या वेळात पांढरी गाडी थंड होत गेली, तिच्या पोटाखालचा पाइप थंड होत गेला. तापलेल्या लोखंडाची फट मिटते, थंड असताना उघडी असते. हे त्याला माहीत होतं. तिन्ही वेळा त्यानं गाडी फिरवून आणून, तापवून ऐकली होती, हेही आत्ता लक्षात आलं. म्हणजे थंड ऐकायची, एवढंच. कानाचा काही संबंध नाही. वायरमनच्या गाळ्याचं दार ओढलेलं होतं, तो चहाला गेला होता. मग हात धुवायच्या बेसिनवरची बाटली घेऊन त्यानं डबडीत थोडा साबण पिळला, पाणी घातलं आणि रंगाचा जुना ब्रश बुडवला. ऐकायचं आधी कानानंच, साबण आपला जवळ असू द्यावा म्हणून. उस्ताद बघत नाहीत ना, असं दाराकडे बघूनसुद्धा घेतलं त्यानं, वेड्यासारखं. उस्तादांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"जरा येतेस?" तो म्हणाला. "मागच्या धुराच्या नळीवर फडकं धरायचंय. धूर कोंडला की गळती असेल तिथून बाहेर येतो. हातमोजे घाल, आणि तोंड बाजूला ठेव."

ती आली. त्याचे चामड्याचे मोठे हातमोजे तिनं घातले, ओलं फडकं चार पदरी केलं, आणि गाडीमागे उकिडवी बसली. पूर्वी, दुकान नवीन असताना, ती अशीच हाताखाली राबायची. त्यानं इंजिन चालू केलं, धावत येऊन खाली सरकला आणि आधी नळी लावली. डोळे मिटले. मऊ. काही नाही. मग ब्रश घेऊन जोडाच्या खालच्या कडेवरून साबण फिरवला, जिथं बोटाला सुरुवात आणि शेवट लागत नव्हता तिथं.

आणि ते फुगलं. आधी वाटाण्याएवढं, मग लिंबाएवढं, मग पांढरा फेस पुढे पुढे येत राहिला, एकावर एक, फुटत, परत होत. एवढी मोठी गळती आंधळ्यालाही सापडावी. त्यानं नळीचं टोक थेट फेसात खुपसलं. दुसरं टोक कानात होतं. डोळे उघडे ठेवून ऐकायची ही त्याची पहिलीच वेळ. बुडबुडे फुटत होते, नळी थरथरत होती — थरथर बोटांना कळत होती — आणि कानात काहीच नव्हतं. उजवा कान बदलून डावा लावला. काही नाही. फुटतंय, समोर फुटतंय, आणि काही नाही.

मागच्या बाजूनं तिचं डोकं खाली आलं, गाल जवळजवळ जमिनीला टेकलेला, चेहरा त्याच्याकडे.

"अहो, केवढं शूं-शूं करतंय हे! मला इथवर येतंय," ती म्हणाली. "एवढंच शोधत होतात होय आठ दिवस?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. ती बोलून झाल्यावरही तिचे ओठ त्याला दिसत राहिले… मला इथवर येतंय. तिथवर. गाडीच्या मागच्या टोकापर्यंत. आणि माझं नाक त्याच्यापासून वीतभर. मग आणखी काय काय होतं, जे तिथवर येत होतं आणि माझ्यापर्यंत येत नव्हतं? त्याला तिची पाठ दिसली. नऊ महिन्यांतल्या सगळ्या पाठी — ओट्यापाशी, खिडकीपाशी, कपाटात डोकं घातलेली. आणि त्या पाठीवर मानेपाशी हलणारं काहीतरी, कोपरांचं थांबणं आणि परत सुरू होणं. माणूस गप्प असताना मान अशी हलते? चपला घालताना दाराशी ती क्षणभर थांबायची. कशासाठी थांबायची? रोपापाशी उभी होती, एवढा वेळ, काय करत होती? बोलत होती. अरे देवा, बोलत होती ती. रोपाबद्दल बोलली असेल, वेलीबद्दल बोलली असेल, कदाचित म्हणाली असेल की जाऊ दे हो ती वेल. आणि मागं पेपर घेऊन नवरा बसलाय, दगडासारखा. समोर येऊन, तोंडाकडे बघून, दोन-दोन शब्द बोलायला ती उगाच लागली नव्हती. तसं बोललं तरच या माणसाकडून उत्तर येतं, एवढं तिला नुसत्या अनुभवानं कळलं होतं.

फेस फुगत होता. त्याला हसू आलं, खरंखुरं. घर गप्प झालंच नव्हतं. आपण ज्याचं सुतक पाळत होतो ते माणूस त्याच घरात रोज बोलत होतं. आणि तिनं कुणाचं सुतक पाळलं? ती एकटी बोलत होती नऊ महिने…

"बंद करू का?" तिनं विचारलं. हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्यानं मान डोलावली.

जोड पुन्हा घासायला आणि वेल्ड करायला तास गेला. ठिणग्या उडत होत्या आणि मुखवट्याच्या काळ्या काचेमागे त्याला कुणी बघू शकत नव्हतं हे बरं होतं. दोनदा वेल्ड वाकडं गेलं, दोनदा पुन्हा केलं. मग थंड असताना साबण मारला, चारही बाजूंनी, नळी न लावता. एकही बुडबुडा आला नाही. चहा पिऊन आलेल्या वायरमननं डबडीतला ब्रश बघितला, त्याच्याकडे बघितलं. मशीन लावलं, आकडे बघितले, दिवा पुसला.

"उतरलं बघा, दादा. आता पंधरा-वीस किलोमीटर चालवा. तेवढ्यात नाही लागला तर सुटलात."

"मी चालवते," ती त्याच्यासमोर येऊन म्हणाली. "उद्या मलाच चालवायचीय."

दुपार उतरणीला लागली होती. गाडी गल्लीतून बाहेर पडून कारखान्याच्या लांबच लांब भिंतीच्या कडेनं निघाली; भिंतीच्या सावलीतून एकदा ऊन, एकदा सावली, एकदा ऊन, आणि त्या प्रकाशात सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं. काट्याखालची जागा काळी होती. इंजिन त्याला ऐकू येत होतं, गुळगुळीत, जाड, सुरेख. त्या इंजिनाच्या आत आणखी काहीतरी होतं, कडा नसलेलं, शेजारच्या खोलीतून यावं तसं, वर-खाली होणारं. त्यानं तिच्याकडे बघितलं. ती रस्त्याकडे बघत होती आणि तिचा जबडा हलत होता. म्हणजे हे ते. त्याला तो गाडीचाच आवाज वाटत होता, इतके दिवस.

ती बरंच बोलत होती. मध्येच भुवई वर जायची, मध्येच खालचा ओठ दातांत धरला जायचा. एखादा शब्द मिळत होता — 'आई', 'मोगरा' की 'मोकळा', 'उद्या' — आणि बाकी सगळं नुसतं उबदार. ऐकायला बरं वाटत होतं. असंच, काही न कळता, तो दिवस न् दिवस तिच्या शेजारी वावरला असेल. आणि तो गप्प तरी कुठं होता? आत्ता त्याला स्वतःचा आवाज आठवला. काहीतरी कानावर पडल्यासारखं वाटायचं, नीट कळायचं नाही, परत विचारायचं जिवावर यायचं, रुसलेला होता ना तो, आणि मग तोंडातून निघायचं — हं. पेपरमागून, हं. ताटावरून मान वर न करता, हं. दिवसातून किती वेळा? कशाकशाला म्हणालो मी हं? मेव्हणी म्हणाली, तुम्हाला माहीत आहेच की. ते मेव्हणीला हिनंच सांगितलं असणार. म्हणाली असणार, 'त्यांना विचारलं मी.' एका संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहून, पाठ करून, कारण असं काही तोंडाकडे बघून विचारता येत नाही — मी वर्षभर जाऊ का तिकडे? तुम्हाला चालेल का मी नसले तर?

हं.

पुढे रेल्वेचं फाटक लागलं. गाड्या थांबल्या. तिनं गाडी थांबवली, हात मांडीवर घेतले, आणि समोरच्या काचेकडे बघत काहीतरी म्हणाली. लांब नव्हतं ते. शेवटाशी सूर किंचित वर गेला, हनुवटी उचलली गेली. प्रश्न होता. बॅगेच्या किल्लीबद्दल असेल. तिच्या कुंड्यांना पाणी घालण्याबद्दल असेल. किंवा दुसराच असेल, शेवटचा, उद्यापूर्वी विचारायचा म्हणून दिवसभर धरून ठेवलेला.

हं घशापर्यंत आलं, सवयीनं, एकदम सोपं. त्यानं ते तिथंच धरलं. नऊ महिन्यांत तो चिडला होता, रुसला होता, रात्र रात्र तळमळला होता. भीती आज पहिल्यांदा वाटत होती. मला ऐकू आलं नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. चौतीस वर्षांत हे वाक्य त्यानं कुणाला म्हटलं नव्हतं आणि ते कुठून सुरू करायचं हे जिभेला माहीत नव्हतं. फाटक अजून बंद होतं. नेहमीचं उत्तर आलं नाही, म्हणून ती थांबली होती. आणखी थोडी थांबली. मग तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि तो तिच्या ओठांकडे बघत होता, ते परत हलतील म्हणून.